घोड्यांच्या पाळण्याचं ऊन

प्रिय सई आणि मिहीर,

गेल्या जानेवारीत तुमच्या आईने मला एक व्हिडिओ पाठवला होता. तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावर ते प्लॅस्टिकच्या कुंडीतलं पिवळं फूल होतं, उन्हाच्या विजेवर मान डोलावणारं, खेळण्यातलं. व्हिडिओत ते डोलत नव्हतं. सई रडकुंडीला येऊन म्हणत होती, "आजी, आमचं फूल मेलं. तू अशा गोष्टी रिपेअर करायचीस ना?"

त्याचं उत्तर मी तेव्हाच फोनवर दिलं. फूल मेलेलं नाही. हिवाळ्यात तुमच्याकडे सूर्य फार खालून जातो, समोरच्या घराची सावली तुमच्या खिडकीवर पडते. फूल उचलून वरच्या मजल्यावरच्या खिडकीत ठेवा. तुम्ही ठेवलंत, ते डोलायला लागलं, सई हसली. मग मिहीरने विचारलं, "आजी, एवढंच होतं तुझं काम? वस्तू उन्हात ठेवायला सांगायचं?"

फोन तुमच्या आईने काढून घेतला, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आमच्या इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई बरेच दिवस मागे लागल्या आहेत की नोकरीतले अनुभव लिहा. मला आता दोनदा लिहायचा उत्साह नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आणि तेच त्यांना छापायला देते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. आईलाही अडला तर मला फोन करा. मी घरीच असते.

आणखी एक कारण आहे. तुमचा व्हिडिओ आला त्याच आठवड्यात मानपाड्याच्या जनूशेठ म्हात्र्यांचा फोन आला. त्यांचीही तक्रार तीच होती. समोर इमारत उठली, ऊन येईना. फक्त त्यांचं फूल मोठं आहे. बारा घोड्यांचा पाळणा आहे तो, गोल फिरणारा, उन्हाच्या विजेवर चालणारा. तो थांबला तर जनूशेठची जागा जाणार होती. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी मिहीरचा प्रश्न.

हो मिहीर, बऱ्यापैकी एवढंच होतं माझं काम.

मी इंग्रजी माध्यमात शिकले, कॉलेजात फिजिक्स घेतलं, आणि मला वाटलं होतं की मी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून काहीतरी शोधणार. प्रत्यक्षात ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. तिथे सोलर कंदील बनत. पुढे आम्ही बाहेरून आणलेल्या सोलरच्या इतर वस्तूही विकायला लागलो: बागेतले दिवे, टॉर्च, पंखा लावलेल्या टोप्या, खेळणी. फाटकाजवळ एक खोली होती, तिथे दुरुस्तीचं काउंटर होतं आणि त्या काउंटरमागे मी. डोंबिवलीहून कंपनीची बस सकाळी नेऊन सोडायची. लोक वस्तू आणायचे, मी ती उलटी करून बघायचे आणि विचारायचे, "ही उन्हात ठेवता का?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की तुमचे आजोबा म्हणायचे, मी झोपेतही तेच विचारते.

लोकांना सोलर म्हणजे जादू वाटायची. जादू नाही. काचेखाली त्या निळ्या-काळ्या चकत्या दिसतात ना, त्यांच्यावर उजेड पडला की प्रत्येकीतून थोडीशी वीज निघते. थोडीशीच. म्हणून त्या एकीला एक जोडलेल्या असतात. तुम्ही इकडे आला होतात तेव्हा समोरच्या बिल्डिंगचा स्लॅब पडत होता, आठवतंय? मजुरांची रांग लावून घमेली हातोहात वर जात होती. चकत्यांचंही तसंच असतं. रांगेतला एक माणूस झोपला की मागची घमेली तिथेच अडतात, मग बाकीचे कितीही धट्टेकट्टे असोत. एका चकतीवर सावली पडली की ती झोपली. हे समजलं की माझा निम्मा धंदा समजला.

उरलेला निम्मा म्हणजे माणसं. आपल्या लोकांना वस्तू जपायची फार हौस. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकचं पाकीट, मिक्सरला झालरीचं झाकण, फ्रिजच्या मुठीला रुमाल. एकदा एक बाई कंदील घेऊन आल्या, म्हणाल्या चार्जच होत नाही. कंदिलाची छोटी पाटी, म्हणजे चकत्यांचं पॅनेल, त्यांनी पिशवीतून काढली. तिच्यावर क्रोशाचं विणलेलं कव्हर होतं, चारी बाजूंनी शिवलेलं, मध्ये मोर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"धूळ बसते हो गॅलरीत. म्हणून विणलं. छान आलाय ना मोर?"

मोर खरंच छान आला होता. मी कात्री घेतली आणि टाके उसवायला लागले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. कंदील ठीक झाला. मोर त्यांनी कंदिलाच्या खाली टेबलावर घातला असं नंतर कळवलं.

एक निवृत्त गृहस्थ होते. मुलाने परदेशातून उन्हावर चालणारं घड्याळ पाठवलं होतं. ते त्यांनी मखमलीच्या डबीत, डबी पिशवीत आणि पिशवी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती. फक्त लग्नाकार्याला बाहेर काढायचे. दर लग्नात ते बंद असायचं. "मुलाला फसवलं बघा कोणीतरी," असं ते म्हणाले. मी सांगितलं, खिडकीत ठेवा आणि रोज वापरा. ते चिडून परत आले. "चालू झालं. पण आता कावळा नेईल म्हणून मला खिडकीपाशी बसून राहावं लागतं!"

"मनगटावर घाला ना."

"रोज?" ते असे दचकले की जणू मी त्यांना रोज लग्नाला जायला सांगितलं.

आणि माजिवड्याच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला. त्याच्या काचेजवळ गणपती आणि मूर्तीमागे सोलरवर फिरणारं चक्र. तक्रार अशी की दुपारी चक्र जोरात फिरतं, पुलाखालच्या रांगेत उभं राहिलं की थांबतं. "मॅडम, पॅसेंजर लोक टेन्शन घेतात. एक बाई तर उतरूनच गेली. बोलली, देव थांबला, मी नाही येत." त्याला मी काय सांगणार? रांगेत थोडं पुढे उन्हात उभा राहा म्हटलं. तो म्हणाला, "मग मी वितळेन त्याचं काय?"

हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा रोज येत नसे. एकच वाक्य दिवसभर बोलायचं आणि संध्याकाळी बसमध्ये डोकं टेकायचं. कधी वाटायचं, यासाठी का मी फिजिक्स शिकले?

मग एक दिवस काउंटरवर घोडा आला.

खरा नाही, फायबरचा. पांढरा, लाल खोगीर, एक कान तुटलेला. टेम्पोतून उतरवून दोघांनी तो आत आणला आणि माझ्या काउंटरवर आडवा ठेवला. मागून एक उंच, सावळे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध.

"मॅडम, यो एक घोरा. असं बारा हायेत," ते म्हणाले. "उन्हावं फिरतील का?"

"घोडा कशाला आणलात? फोनवर वजन सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"वजन सांगितलं आसतं त तुमी नाय म्हनून मोकल्या झाल्या आसत्या. घोरा बगून कोनी नाय म्हनत नाय."

ते जनूशेठ. मानपाड्याला त्यांच्या घराण्याची भातशेती होती. ती केव्हाच इमारतींखाली गेली. एक कोपरा तेवढा राहिला, तोही चुलतभावांत सामायिक. तिथे जनूशेठने झोपाळे लावले, घसरगुंडी लावली आणि कुठल्याशा जत्रेतला जुना घोड्यांचा पाळणा विकत घेऊन बसवला. संध्याकाळी आसपासच्या सोसायट्यांतली मुलं यायची. पण विजेचं मीटर घ्यायचं तर सगळ्या चुलतभावांच्या सह्या हव्यात, आणि ते सह्या देईनात, कारण त्यांना ती जागा बिल्डरला द्यायची होती. म्हणून पाळणा डिझेलच्या जनरेटरवर चालायचा. त्याचा धूर सरळ शेजारच्या सोसायटीच्या स्वयंपाकघरात. सोसायटीचे सेक्रेटरी लेलेकाका येऊन बजावून गेले होते, "म्हात्रे, आमच्या पोह्यांना डिझेलचा वास येतो. दसऱ्यानंतर हे यंत्र दिसलं तर मी महापालिकेत अर्ज टाकणार." अर्ज म्हणजे पाळणा बंद, आणि पाळणा बंद म्हणजे चुलतभावांचं म्हणणं खरं ठरणार की त्या कोपऱ्याचा काही उपयोग नाही.

आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, आपण कंदील बनवतो. सर्कस नाही."

मी म्हटलं, "साहेब, आठ दिवस द्या."

ते आठ दिवस मी फार आनंदात होते. जागेवर काठी रोवून सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखलं. पाळण्याशेजारच्या पत्र्याच्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून पाट्या बसवल्या, मागच्या खोलीत बॅटऱ्या. अडचण एकच आली. फिरत राहायला पाळण्याला थोडीच वीज लागायची, पण उभा असलेला पाळणा हलवायला मोटर एकदम एवढी ओढ घ्यायची की सगळं बंद पडायचं. मोठी बॅटरी बसवायची जनूशेठची ऐपत नव्हती. मी म्हटलं, "हातगाडीसारखं आहे हे. पहिला धक्का जड, मग ती आपली चालते. तो पहिला धक्का तुम्ही हाताने द्या. पाळण्याने वेग घेतला की मगच बटण दाबायचं."

जनूशेठ मोठ्याने हसले. "म्हंजे सूर्याला आपून धक्का मारायचा?"

"हो."

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, एका घोड्याच्या पाठीमागे खांदा लावला आणि ढकललं. पाळणा करकरला, हलला. अर्धा फेरा झाल्यावर मी बटण दाबलं. जनूशेठ बाजूला झाले आणि घोडे आपोआप फिरत राहिले. धूर नाही, धडधड नाही. फक्त तेल न घातलेल्या बेअरिंगचा आवाज. जनूशेठ पाळण्याभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "यवरा गप पालना मी आजून बगला नाय."

त्या दसऱ्याला त्यांनी मला बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले. बाग भरली होती. लेलेकाकाही आले होते, पण सोनं द्यायला नव्हे, खात्री करून घ्यायला. त्यांचा पाच वर्षांचा नातू पांढऱ्या घोड्यावर बसला होता, तोच तो, तुटक्या कानाचा.

आणि भर गर्दीत पाळणा हळू झाला. दिव्यांच्या माळा पिवळ्या पडल्या. घोडे थांबले. वरून लेल्यांचा नातू ओरडला, "आजोबा, पेट्रोल संपलं!"

लेलेकाका म्हणाले, "म्हात्रे, हेच का तुमचं सोलर? आजच्या दिवशीही चालत नाही?"

जनूशेठनी माझ्याकडे बघितलं. मी आधी मागच्या खोलीत जाऊन बॅटऱ्या बघितल्या. पार रिकाम्या. दोन दिवस लख्ख ऊन होतं, मग रिकाम्या कशा? साडीचा पदर खोचला आणि शिडी चढले.

छपरावर झेंडूची माळ होती. साधी नाही, मनगटाएवढी जाड, मध्ये मध्ये आंब्याची पानं, पाट्यांच्या खालच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली. प्रत्येक पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक. प्रत्येक पाटीतल्या खालच्या रांगेतल्या चकत्या माळेखाली झोपलेल्या, म्हणून सगळ्याच झोपलेल्या. खंडेनवमीची पूजा आदल्या दिवशी झाली होती. म्हणजे दोन दिवस बॅटरीत काही गेलंच नव्हतं आणि पाळणा मात्र आधीच्या साठ्यावर फिरत होता.

खाली जनूशेठची म्हातारी आई उभी होती. ती म्हणाली, "मीच घातली गो ती. नवमीला लोखंडाला माल घालतान, मशिनीला घालतान. ही त सूर्याची पाटी. हिला नको?" मग जरा घाबरून विचारलं, "रागावला का तो?"

मी वरून म्हटलं, "रागावला नाही, आजी. माळेमुळे त्याला खाली दिसलंच नाही."

तिने विचार केला. "मंग उतरव. पन जमिनीवं टाकू नको."

शिडी उतरायला दोन्ही हात लागतात. माळ ठेवणार कुठे? मी ती माझ्याच गळ्यात घातली आणि उतरले. घोड्यांवरची मुलं टाळ्या वाजवायला लागली. माझ्या साडीवरचे ते हळदी-केशरी डाग कधीच गेले नाहीत.

पण माळ काढून काय उपयोग? सूर्य मावळला होता. बॅटरीत काही नव्हतं. मुलं घोड्यांवरून उतरायला तयार नव्हती. लेलेकाका थोडे वरमून म्हणाले, "आजच्या दिवस जनरेटर लावा हवं तर."

जनूशेठ शांतपणे म्हणाले, "तुमीच बोलल्याव ना, दिसला त अर्ज टाकनार. मी तो इकून टाकला."

तेवढ्यात वरून लेल्यांचा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही ढकला ना."

लेलेकाकांनी चपला काढल्या. बाकावर शेजारी शेजारी नीट ठेवल्या. मग त्यांनी पांढऱ्या घोड्याच्या पाठीमागे हात लावले. दुसऱ्या बाजूने जनूशेठ. मग आणखी दोघे-तिघे बाप आले. पाळणा फिरायला लागला. त्या संध्याकाळी सगळी मुलं माणसांनी फिरवली. लेलेकाकांच्या शर्टाला घामाचे पट्टे पडले होते आणि ते दर फेरीला म्हणत होते, "ही शेवटची हं." अर्ज कधीच गेला नाही.

पुढच्या वर्षीपासून माळ पाट्यांच्या लोखंडी खांबाला बांधायची असं ठरलं. जनूशेठच्या आई पुढे गेल्या, पण तो नियम राहिला. लेल्यांचा नातू आता तुमच्यासारखाच लांब कुठेतरी असतो.

आमचा कारखाना पुढे बंद पडला. त्याला कोणी खलनायक नव्हता. बाजारात स्वस्त दिवे आले. त्यांना उघडायला स्क्रूच नसतो, आतली बॅटरी चिकटवलेली असते. लोक बिघडलेली वस्तू काउंटरवर आणेनात, कचऱ्यात टाकायला लागले. शेवटच्या वर्षी मी दिवसभर बसून राहायचे. कधी कोणी यायचं ते पत्ता विचारायला. साहेबांनी निरोपाच्या दिवशी मला एक कंदील दिला, आमच्याच कारखान्याचा. तो गॅलरीत आहे. उघडता येतो.

आता जनूशेठचा जानेवारीतला फोन.

"मॅडम, मोटी बिल्डिंग उठली. दुपारपास्ना ऊनच नाय. दोन फेरं मारले का पालना झोपतो."

माझे गुडघे दुखतात. मी सरळ सांगितलं, की मी निवृत्त आहे, शिडी चढत नाही, आणि तुमच्याकडे कोणी तरुण माणूस नाही का? ते म्हणाले, "तरुण मानसं येतान, नवी मोटर घ्या, नवी पाटी घ्या सांगतान. सावली कोनी बगत नाय." मग मीच रिक्षा करून मानपाड्याला गेले.

नैर्ऋत्येला उंच इमारत उभी होती. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'निसर्गस्नेही घरं' असं लिहिलेलं, आणि आतल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे सोलर दिवे रोवलेले. दिवसभर ते त्याच इमारतीच्या सावलीत. मी वॉचमनला विचारलं, संध्याकाळी लागतात का? तो म्हणाला, "नाही मॅडम. शोभेचे आहेत."

मी पुन्हा काठी रोवली, पुन्हा खडूने आखलं. वाकताना जनूशेठच्या खांद्याचा आधार घेतला. हिशेब सरळ होता. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा सावली आखूड. पाळणा तेव्हा तगला असता. पण दिवाळीपासून होळीपर्यंत सावली लांबलचक छपरावर पडून राहणार, आणि बागेत गर्दी असते ती तेव्हाच.

जनूशेठचा मुलगा प्रशांत तिथे होता. चांगला मुलगा आहे, ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी बाबांना समजवा. सगळ्या काकांच्या साइन झाल्यात. फक्त यांची बाकी. मी एकच बोललो, पाळणा ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी साइन करायची. ते पण हो बोलले."

"थांबला नाय," जनूशेठ मागून म्हणाले. "ढकलतंय मी. पन थांबला नाय."

"बाबा, तुमचं वय काय, तुम्ही ढकलताय काय! उद्या पडलात तर?"

"परलो त पालन्यावं परन."

प्रशांतने माझ्याकडे हात पसरून बघितलं. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जनूशेठना धाप लागत होती ती मलाही दिसत होती.

पाट्या सावलीतून उचलून दुसरीकडे न्यायच्या, एवढा एकच उपाय होता. सई, तुझं फूल वरच्या खिडकीत नेलं तसंच. आणि जवळपास पूर्ण ऊन असलेली जागा एकच, लेलेकाकांच्या सोसायटीची गच्ची.

मी सोसायटीच्या सभेला गेले. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सेक्रेटरी आता एक तरुण मुलगी आहे, हुशार, पण घाईत. मी अगदी क्रमाने मांडलं: वजन किती, आधार कुठे, वायर कुठून. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग सुरू झालं.

"गच्चीला नुकतंच वॉटरप्रूफिंग केलंय. भोकं पाडणार का?"

"आणि आम्ही पापड-कुरडया कुठे घालायच्या?"

"आपली गच्ची, फायदा त्यांचा. आपल्याला काय?"

"दोन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, तेव्हा हे सामान कोण उतरवणार?"

प्रत्येक प्रश्न वाजवी होता. मी उत्तरं देत होते आणि माझाच आवाज मला काउंटरवरच्यासारखा वाटायला लागला. हे उन्हात ठेवता का? हे उन्हात ठेवता का? शेवटी मी पाणी प्यायला थांबले.

मागच्या रांगेत लेलेकाका बसले होते. आता काठी घेऊन चालतात, ऐकू कमी येतं. मला वाटलं त्यांना काही कळलंच नसेल. ते उठले नाहीत, बसूनच म्हणाले, "पूर्वी त्या पाळण्याचं करकरणं ऐकू यायचं तेव्हा मी चहा टाकायचो. हल्ली ते ऐकू येत नाही. मला वाटलं माझे कान गेले."

कोणीतरी म्हणालं, "काका, कानही गेलेत तुमचे."

"ते आहेच," ते म्हणाले. "गच्ची देऊ नका. पाण्याच्या टाकीचं डोकं द्या. तिथे पापड कोणी घालत नाही."

सेक्रेटरी मुलीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "टाकी ठीक आहे. कोणाची हरकत?" पापडवाल्या बाईंनीच आधी हात वर केला, म्हणाल्या, "टाकीला हरकत नाही, पण झाकण मोकळं हवं. टाकी धुवायची असते." तेवढ्यावर सभा संपली.

टाकीवर जुन्या पाट्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मावल्या. झाकणाभोवती माणूस बसू शकेल एवढी जागा सोडली. मी वर गेले नाही. खाली उभी राहून फोनवर सांगत होते, थोडं डावीकडे, थोडं तिरकं. वायर भिंतीवरून उतरवून पाळण्यापर्यंत नेली. होळीच्या आधी पहिल्यांदा बटण दाबलं. पूर्वीसारखं नाही. पूर्वी संध्याकाळभर चालायचा, आता थोडे फेरे होतात आणि दिव्यांच्या माळा लावता येत नाहीत. सुरुवातीचा धक्का आता जनूशेठना जमत नाही. मुलांचे बाप देतात. त्यातले काही या घोड्यांवर बसलेले आहेत, म्हणून त्यांना सांगावं लागत नाही की बटण कधी दाबायचं.

प्रशांत परवा भेटला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण ना! बाबांची जिद्द अजून वाढवलीत." मग म्हणाला, "तुमच्या टाकीवरच्या पाट्या धुवायला मी माणूस पाठवतो दर महिन्याला." त्याचा रागही खरा आहे आणि माणूस पाठवणंही.

मिहीर, तू विचारलंस ते बरोबर होतं. एवढंच काम होतं माझं. लोकांनी वस्तू आणायच्या आणि मी बघायचं, मध्ये काय आलंय. कधी मोर असायचा, कधी मखमलीची डबी, कधी झेंडू. या वेळेला बिल्डिंग आली. मोर उसवता येतो, माळ गळ्यात घालून उतरवता येते. बिल्डिंगचं मला काही करता येत नाही. मी दमले आहे, आणि सोसायटीची रिडेव्हलपमेंटची नोटीस जिन्यात लागली आहे. ती टाकी गेली की पुढे कुठे, ते मला माहीत नाही. आता कोणी विचारलं तर मी रिक्षा करून जाईन, पण शिडीवर नाही.

दसरा जवळ आलाय. टाकीजवळच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला विचारायला फोन केला की या वर्षी माळ कुठे बांधायची. मी म्हटलं, खांबाला.

पाळणा फिरतो आहे, पूर्वीपेक्षा कमी वेळ. सुरुवातीला ढकलावा लागतो. जनूशेठची सही अजून झालेली नाही.

तुमची,
आजी